राखेचं रिंगण

चहार्डीच्या मळ्यात, केळीच्या बांधाशी
मी ती शेगडी मांडली,
हिरवी, चिनीमातीची, अंड्याच्या आकाराची,
पुण्याहून टेम्पोत गोधडीत गुंडाळून आणलेली.
भागवतनाना म्हणाले, एवढ्यात दोन गाभण शेळ्या आल्या असत्या.
वांगी मात्र त्यांनीच आणली, बामणोदची,
देठासकट, तेलाचं बोट फिरवून.

हिरकणबाई मांडे करायला आल्या होत्या.
तीन दगडांवर त्यांचं खापर पालथं,
हातावर पुरणाची पोळी रुमालासारखी पसरत चाललेली.
माझ्याकडे बघत होत्या, न बघितल्यासारखं.

मी झाकण एका झटक्यात उघडलं.
आत कोंडलेल्या निखाऱ्यांना वारा लागला
आणि जाळ थेट माझ्या भुवईपर्यंत आला.
केस जळाल्याचा वास. पोरं हसली.
बाई हसल्या नाहीत.
"कोंडेल शे तो," म्हणाल्या, "आधी बोटभर उघड.
दम खाऊ दे. मंग."

वांगी झाली. बडगीत गेली. मिरच्या, लसूण, कांद्याची पात.
आता पुढची पाळी कणसांची, सरळ जाळावर,
म्हणजे जाळी काढायची
आणि जाळीखालची, आच अडवणारी जाड ताटलीही.
ती लाल झालेली नव्हती. काळीही नव्हती.
मघाशी होती तशीच दिसत होती,
कुणालाही मांडीवर घ्यावीशी वाटेल इतकी साधी.

मी हातमोजा चढवला.
तो मघापासून नळाखाली पडलेला.

"वल्लं शे ते!"
पिठाच्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं.

मग स्वतःचं दाखवलं.
कातडीवर एक गुळगुळीत पट्टा, केस न उगवणारा.
धरणगावचं लग्न, चारशे पान,
फडकं भिजवून खापर उचललं,
थंड पाणी म्हणजे थंडच, असं वाटलं.
लोखंडाला, मातीला पाणी भेटलं की वाफ होते,
आणि वाफ फडक्यातून बाहेर नाही जात,
आत हातात शिरते.
"खापर फुटलं," त्या म्हणाल्या,
"आन् त्याचं खापरबी माझ्याच माथी फुटलं."

मी कोरडा मोजा शोधू लागलो.
"ठेवशील कुठं?"
मी आजूबाजूला बघितलं. प्लास्टिकच्या खुर्च्या.
पाइपानं ओली झालेली फरशी.
कुणूची सायकल आडवी.
उचलायचं आधी आणि जागा नंतर,
असंच करत आलो होतो मी
बऱ्याच गोष्टींचं.

मग चार कोरड्या विटा, वाटेपासून लांब, बांधाच्या कडेला.
सायकल हलली. पोरं हलली.
सांडशी, चिमटा, दोन्ही हातांत कोरडे मोजे,
आणि चालताना बोलायचं नाही,
फक्त एकच शब्द, "तपेल, तपेल,"
लग्नात वाढपी जसा ओरडत जातो तसा,
वाट आपोआप फाटत जाते.

विटांवर जाळी. विटांवर ताटली.
मला वाटलं, झालं.
बाईंनी चुलीतली मूठभर थंड राख घेतली
आणि त्या विटांभोवती रिंगण काढलं,
रांगोळी काढावी तसं नव्हे, घाईत, मोडकंतोडकं.
कुणूला म्हणाल्या, हे गाव आपलं नाही. आत जायचं नाही.
तो पायाच्या अंगठ्यानं रेघेपर्यंत आला
आणि थांबला.

रात्री सगळे आडवे झाल्यावर मी तिथं गेलो.
चांदण्यात ताटली निव्वळ ताटली दिसत होती.
हात पुढे केला. तळहात नव्हे,
हेही त्यांनीच सांगितलं होतं जाता जाता,
आधी हाताची पाठ, वीतभर वरून,
पोळली तरी सकाळी कामाला तळवा राहतो.

वीतभर वरून
ती अजून श्वास घेत होती.
मी रेघेबाहेर बसलो.
मळ्यातलं कुत्रं येऊन राखेशी हुंगलं,
वळलं,
आणि माझ्या जवळ, ऊब येईल इतक्याच अंतरावर,
अंग टाकून झोपलं.