अनियमित

एर्बीर, उकळणे. मी येर्बो, तू येर्बेस,
ती येर्बे.
नंदगडात पहाटे सातेरी घोकतोय.
मोलेर, दळणे: मुएलो, मुएलेस.
धातू पोटातच फुटतो, भिजल्या हरभऱ्यासारखा.
चौदा तारखेला तोंडी परीक्षा,
मग जहाजावरचा भटारखाना.

"भात शिजूलालाय, बघ की रे," म्हणून
आई निंगव्वाकडे गेली
दुधाच्या हिशेबावरून कन्नडात भांडायला.

फक्त 'आम्ही'ला धातू तसाच राहतो:
एर्बीमोस, मोलेमोस, कोसेमोस.
पण आम्ही, की आपण?
त्यांच्यात दोन्हींना एकच शब्द,
निंगव्वाच्या 'नावु'सारखा.
पेन्सिलीनं तो कडेला 'आपण' लिहितो,
खोडतो,
पुन्हा लिहितो.

दारातूनच आई:
"सात्या, करपूलालाय!"