टोक

भुसावळ, जामनेर रोड. बेंडाळे डॉक्टरीणबाई
हिरडीची कड अलगद उचलतात.
"दुखलं तर डावा हात वर करा, फिरकेकाका."
दुखत नाही.
ऐकू येतं नुसतं.

एकतीस वर्षं काढली मशीनवर,
ड्रिल घट्टातून पोकळीत उतरलं
की कानाला कळतं.
आत्ता हाडाचा सूर बदलला.
थांबा, म्हणणार होतो,
तोंडात बोळे.
त्या आधीच थांबल्या होत्या.

वाटीत मुळाचं टोक,
ज्वारीच्या दाण्याएवढंही नाही.
ह्याच्यापायी पोरीच्या हळदीत
मी कुणाशी धड बोललो नव्हतो.

तीन टाके. आठ दिवस तिखट बंद.
आणि गल्लीत पऱ्हाट्यांच्या जाळावर
भरताची वांगी.
दहीभात गिळतो,
जीभ टाक्यांवरून फिरवतो.
फिनिशिंग चांगलंय.