भुशातला बर्फ

व्हेरेना आमान हे नाव
सदरच्या पोस्टमनला कधी जमलं नाही.
तो म्हणायचा, आमनबाई.
बहीण मिशनच्या दवाखान्यात नर्स,
तिच्यामागून स्वित्झर्लंडहून आलेली ही दुसरी, रिकामी.
रिकामी म्हणजे चित्रं काढणारी.

तिच्या गावी म्हणे खिडकी उघडली की डोंगर,
डोंगरावर बारा महिने बर्फ,
आणि वीस वर्षं तेच काढून ती कावलेली.
इथे एप्रिलात तिनं जलरंग मांडले
तर ब्रश कागदाला टेकायच्या आत
पाणी उडून जाई.
मे लागला तशी पांढऱ्याची डबी तिनं फडक्यात बांधून ठेवली.
म्हणाली, इथे पांढरं काही नाही,
आहे ते सगळं ऊन.
सहा ते नऊ ती कडुनिंब काढी;
झाड कागदाबाहेरच राही,
कागदावर फक्त सावली.
चौकातले लोक म्हणत,
बाईचं झाड कोण चोरून नेते बे रोज?

माझा बाप गुणवंत निखारे.
आडनाव निखारे, धंदा बर्फाचा;
या गोष्टीवर अख्खी इतवारी हसून थकली होती.
कारखान्यातून लादी, लादीवर भुसा, वर गोणपाट,
आणि हातगाडी मेयोवरून सदरकडे.
रसवंतीला द्यायचा, सरबतवाल्याला द्यायचा,
मेयोत कुणासाठी द्यायचा
ते मला सांगायचा नाही.

एके दिवशी तिनं गाडी थांबवली.
गोणपाट काढ.
काहून? पाणी होते ना, बाई.
होऊ दे.
तिचं मराठी एवढंच, क्रियापदापुरतं.

रॉकेलचा डबा पालथा घालून ती बसली.
बाप उन्हाच्या बाजूनं उभा राहिला, दांडा धरून,
मी चाकाला दगड लावून खाली,
टपटपणारं पाणी ओंजळीत घेत, पीत.
सात वर्षांचा होतो.
लादीच्या पोटात कडुनिंबाचं एक पान गोठलेलं.
तिनं डबी सोडली, पांढऱ्यात बोट बुडवलं,
पुसलं, पुन्हा बांधली.
मग नुसता भुसा काढत बसली तासभर,
काडी न् काडी.

साडेबाराला लादी उशीएवढी उरली.
पान सुटून रस्त्यावर पडलं.
तिनं अख्ख्या लादीचे पैसे पुढे केले.
वितळल्याचे घेत नाही, बाप म्हणाला.
घरी आईला सांगितलं, गाडी उलटली.
मला वाटेत दोन पैशांचे फुटाणे.

बहीण बदलून गेली तशी तीही गेली.
जाताना वर्तमानपत्रात गुंडाळलेलं चित्र
रसवंतीवाल्याकडे ठेवून.
बापानं उलगडलं, चहूबाजूंनी फिरवलं.
लादी होती, भुसा होता, पान होतं,
गाडीमागे सुकत चाललेली ओली रेघ होती.
मी कुठाय? तो म्हणाला.
मग स्वतःच: बरं झालं. बनियन फाटकी होती.

बाप गेल्यावर चौकट बदलायला काढलं
तर मागे पेन्सिलीनं दोन ओळी.
युनिव्हर्सिटीत जर्मन शिकणाऱ्या एका पोरीला दाखवल्या.
मला वाटलं, काही मोठं असेल,
कलेबद्दल, माणसाबद्दल.
ती वाचून हसली:
एक लादी. निखारे यांचे देणे बाकी.

किती, ते लिहिलेलं नाही.

आता चित्र माझ्याकडे, गोधणीच्या फ्लॅटमध्ये,
फ्रिजच्या वर.
लादीच्या उजव्या अंगाला
काहीतरी जांभळट करडं पसरलंय, खांद्याएवढं रुंद,
कडेला फिकट झालेलं.
आईला तो डाग वाटायचा.
दर दिवाळीला ती
ओल्या फडक्यानं तो घासायची.