कल

मंडळाच्या सभागृहात सतरंजी,
सतरंजीवर अठ्ठावीस माणसं, एक हीटर,
तोही शिरढोणकरांनी घरून आणलेला.
जानेवारीच्या धुक्याने दुपारीच किल्ला पुसून टाकला
आणि आता ते दौलतगंजच्या गल्लीत उतरलंय.
पार्षद मिथिलेशजी उशिरा आल्या,
शाल सावरत, काखेत प्लास्टिकची फाइल,
मागून गजकचा डबा घेऊन त्यांचा भाचा.

इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे,
एकोणीस वर्षं.
त्या बोलतात हिंदीत, मी लिहिते मराठीत.
मध्ये जे सांडतं
ते कुणाच्या हिशेबात नसतं.

नळाच्या नव्या लाइनीबद्दल म्हणाल्या, "प्रगति पर है।"
मी लिहिलं, काम चालू आहे.
खोडलं. काम सुरू आहे.
खिडकीतून दिसत होता खणलेला चर,
कडेला निळे पाइप, दिवाळीपासूनचे,
एकात कुत्री व्यायलेली.
मग तसंच ठेवलं, सुरू आहे.
पिल्लांच्या बाजूने पाहिलं तर खोटं नव्हतं.

"हो जाएगा।"
होईल? होऊन जाईल?
मराठीत होऊन जाईल म्हटलं
की हातून काही निसटल्यासारखं वाटतं.
तीस वर्षं मी मुलांना काळ शिकवले,
साधा, अपूर्ण, पूर्ण, रीती.
या भविष्यकाळाला
पुस्तकात रकाना नव्हता.

खांब चौदा, दिवे लागतात नऊ.
स्वर्णरेखेची सफाई, तिसऱ्यांदा मंजूर.
दवाखान्यात मंगळवारी डॉक्टर असतात
(गेल्या मंगळवारी मी गेले होते,
म्हणून हे वाक्य अवतरणचिन्हांत).
आकडे भाषांतर मागत नाहीत,
पटापट उतरवले.

मग तिघऱ्याचं पाणी.
"लाइन की टेस्टिंग... कल।"
शेजारून बिडवईकाकू, ज्यांना डाव्या कानाने येत नाही,
"काय म्हणाली गं?"
काल म्हणू की उद्या?
मी हात वर केला. विचारलं,
बाई, झालेला कल की यायचा?
सतरंजीभर हसू पसरलं. त्याही हसल्या.
फाइल उलटली, पुन्हा सुलटी केली.
फाइलही हिंदीतच होती.

मागे, चपलांपाशी, एक माणूस उभा होता.
हरचरन. पहाटे पाचला
पुरुषभर लांब किल्लीने
आमच्या गल्लीचा वॉल्व्ह खोलणारा.
त्याला कुणी बोलावलं नव्हतं, तो हीटरला आला होता.
म्हणाला, टेस्टिंग कधीही करा,
पाइप गल्लीच्या तोंडापाशी वर चढतोय,
पाणी काय शिडी लावून येणार?

मी लिहिलं :
पाइपचा कल चुकलेला आहे.

आणि पेन थांबलं.
तोच शब्द. माझ्या भाषेत पडून होता,
ना काल, ना उद्या,
नुसता उतार.

"क्या लिखा?" मिथिलेशजींनी विचारलं.
मी वाचून दाखवलं.
त्या बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिल्या,
चराकडे की पिल्लांकडे, कळलं नाही.
मग फाइलमधला कागद काढून
स्वतःच्या हाताने दोन शब्द खोडले
आणि म्हणाल्या, "उखाड़ना पड़ेगा।"

उखडावं लागेल.
संध्याकाळभरात हे एकच वाक्य
एक थेंब न सांडता
या भांड्यातून त्या भांड्यात आलं.

बिडवईकाकूंनाही ऐकू गेलं.
"म्हणजे पुन्हा खणणार," त्या म्हणाल्या,
आणि गजकचा तुकडा
दाढेखाली धरून बसल्या, विरघळायची वाट पाहत.

कधी, ते कुणी विचारलं नाही.
पिल्लांचं काय, ते भाच्याने विचारलं.

सभा सव्वाआठला संपली.
उपस्थिती आधी अठ्ठावीस लिहिली होती,
खोडून एकोणतीस केली.