चाळीस व्हॉल्यूम

झुलेइकाच्या पार्लरात सकाळी बायका,
दुपारनंतर आम्ही.
आम्ही म्हणजे पोट सुटलेले चार-सहा बाप्ये,
काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी,
जणू आजारी मांजर आणलंय.

ती टॉवेल उलगडते, कपाळावरचा चष्मा खाली ओढते.
'किती वर्षांचं?'
'बत्तीस.'
नखाने कोपरा खरवडते, नख हुंगते.
'सिगारेटच्या घरातलं.'

आग लागू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये काही मिसळलेलं असतं म्हणे,
तेच हळूहळू पिवळं होतं.
हे ती मला तिसऱ्यांदा सांगते,
आणि ज्या क्रीमने सकाळी दोना इराचीचे केस सोनेरी केले
तेच क्रीम, चाळीस व्हॉल्यूमचं,
त्याच ब्रशने
माझ्या कन्सोलच्या पाठीवर लावत जाते.
वरून स्वयंपाकघरातलं पारदर्शक प्लॅस्टिक, घट्ट.
मग गच्ची, आणि ऊन.

पण हे कुरिचीबा.
इथलं ऊन कळवून येत नाही
आणि आलंच तरी टेकत नाही.
आम्ही खाली कॉफी पितो, आभाळाकडे बघतो,
पापड घातल्यासारखे.

हे मला आन्सेल्मोकडे मिळालं, रविवारच्या बाजारात,
इस्त्र्या आणि मिक्सरची भांडी यांच्या ढिगाखाली.
सगळं अंग चहाच्या रंगाचं,
फक्त डाव्या कोपऱ्यात एक चांदणी
अजून कोरी राखाडी.
कोणीतरी स्टिकर लावला होता तिथे.
स्टिकर गेला. त्याने झाकलेलं तेवढं राहिलं.

'ही ठेवायची?' झुलेइकाने विचारलं होतं.
मी म्हणालो, 'सगळं एकसारखं करा.'
ती काही बोलली नाही. ब्रश बुडवला.

लहानपणी आमच्याकडे नव्हतं.
गल्लीच्या तोंडाशी तासावर भाड्याने मिळायचं,
सेउ ओरेस्तेसच्या दुकानात.
पंधरा मिनिटांचे पैसे असायचे.
तो अंडी उकडायचं घड्याळ पिळून टीव्हीवर ठेवायचा
आणि ते वाजायचं नेमकं
माझा गडी दरीवरून उडी मारत असताना.
बटण बंद. उठा. पुढचा.
तो अजून तिथेच आहे, हवेत,
गुडघे पोटाशी घेतलेले.
त्यानंतर मी लग्न केलं, नोकरी बदलली, वडिलांना पोचवून आलो,
तो काही खाली टेकलेला नाही.

आता फळीवर अकरा.
रोझिल्दा मोजते, दहाच सांगते,
अकराव्याचं मी सांगायची वाट बघते.

संध्याकाळी परत मिळालं ते दुधासारखं निघालं होतं.
चांदणी शोधली. बोटाने, मग डोळे बारीक करून,
मग मोबाईलच्या उजेडात.
'दोन-तीन वर्षांनी येईल पिवळेपण परत,' झुलेइका हात धूत म्हणाली,
'रंगाचं असंच. मुळाशी दिसायला लागतंच.'
'आणि चांदणी?'
तिने नळ बंद केला.
'ती कशी येईल?'

रात्री जाड टीव्ही लावला, चॅनल तीन.
आधी ती बारीक शिट्टी, जी रोझिल्दाला ऐकू येत नाही
आणि पोरीला येते.
कॅसेटवर फुंकर मारली. फुंकरीने काही होत नाही,
उलट थुंकीने पिना गंजतात, मला ठाऊक आहे.
मारली.
ताइना शेजारी सफरचंद खात बसली होती.
दोन जीव गेले. ती हसली.
तिसरा तिने घालवला.

सकाळी बघतो तर
वरच्या झाकणावर, अगदी मधोमध,
सफरचंदाचं लेबल.
लंबगोल, थोडं वाकडं, एक कड उचललेली.

ओरडणार होतो.
नखही लावलं होतं कडेला.

मग नख काढलं, अंगठ्याने कड दाबून बसवली
आणि कन्सोल फळीवरून उचलून
खिडकीशी ठेवलं,
जिथे आलंच तर ऊन येतं.