बुधवारची यादी

बुधवारी सातला, खानापुरात,
रेल्वे फाटकामागच्या चर्चमध्ये
आम्ही अकराजणी. चटया. एक पेटी, तिचा पंचम मुका.

यादी माझ्या हाती.
बिशपसाहेबांचा गुडघा.
नवा पाळक : त्याला धीर दे प्रभू, जरा आवाजही दे.
मग देश.
सुदान. म्यानमार.
हैती मी दोनदा चुकीचं वाचते,
लेयाबाई कानडीत दुरुस्त करते.

कुठली हद्द, कुणाची गोळी,
नकाशात मला दाखवता यायचं नाही.
एवढं ठाऊक आहे :
पाटीवरच्या अक्षरांना डांबर फासलं
की त्या रात्री गल्ली कशी गप्प होते,
आणि आया पोरांना कशा मोजतात.
त्या मोजणाऱ्यांसाठी मागते.

पुढचं नाव,
मंडळीचे वडील, थिओफिल हंजी.
ज्यांनी माझ्या आईला कबरस्तानात
गळक्या नळाखालची जागा दिली.

मी पान उलटते.
लेयाबाई खोकते.
प्रभू, तूही खोकलास काय की.

सुदानसाठी रडणं सोपं होतं.

लाईट जाते.
यादी दिसत नाही,
आणि नेमकं तेच नाव आठवतं.
"थिओफिल," मी म्हणते, "त्यांची शुगर वाढलीय, प्रभू..."
पुढं काही सुचत नाही.
अंधारात कुणीतरी
घाईनं आमेन म्हणून टाकतं.