बेलपानाचा दात

सारोळ्याच्या गुरांच्या दवाखान्यात मी व्रणोपचारक,
म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा,
डॉक्टर सुई टोचतात तेव्हा शेपटी धरणारा.
बावीस वर्षांत इतके जबडे उघडले
की दातांवरून वय सांगतो :
दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला.
म्हणून लिंबराजनं जेसीबी बंद करून
तो दात आधी माझ्याकडे आणला,
सरपंचाकडे नंतर.

मांजरेच्या दरडीतला. पिवळ्या मातीखाली
चुनखडी नि शिंपल्यांचा थर आहे, तिथला.
जुन्या गुळाच्या रंगाचा, मुठीत न मावणारा,
हातात घेतला तर थेट दगड.
सोजरबाई म्हणाली, राक्षसाचा आहे, घरात आणू नका.

मी सवयीनं लाल औषधाच्या पाण्यात धुतला,
आणि घासलेल्या माथ्यावर उमटलं
बेलाचं पान.
तीन पाकळ्या. शेजारी दुसरं, पाठीला पाठ लावून.
झालं !
दिवेलागणीपर्यंत दात पारावर,
त्याला शेंदूर, पुढं पाच रुपयांची नाणी.

नांदेडहून एक बाई आल्या, पायात कॅनव्हासचे बूट.
शेंदूर पुसला नाही त्यांनी.
पाराखाली चपलांशेजारी बसून
भिंगातून बराच वेळ पाहिलं.
मी म्हणालो, म्हातारं जनावर आहे.
कशावरून ?
झिजलाय किती बघा. असल्या दातानं कडबा चावत नाही.
त्या हसल्या, वहीत लिहिलं,
मग म्हणाल्या, पाणघोडा.

अख्खा पार हसला.
आमच्याकडे टँकर येतो एक दिवसाआड,
घागरीला नंबर असतो,
आणि इथं पाणघोडा डुंबत होता ?
होता, बाई म्हणाल्या. तीसेक हजार वर्षं झाली असतील,
मोजल्याशिवाय सांगत नाही.
तेव्हा नदीला डोह होते, काठाला गवत.
कुणी काही बोललं नाही.
डोह हा शब्द आमच्याकडे
फक्त शेताच्या नावात उरलाय.

महानंदा, सातवीतली, पुढं सरकली :
मग डायनासोर कधी निघंल ?
बाईंनी पाराचाच दगड थोपटला. काळा, भोकाभोकांचा.
हा लाव्हा. हा वाहत आला
तेव्हा त्यांचे शेवटचे दिवस चालले होते.
असलेच तर याच्याही खाली, किती खोल कुणास ठाऊक.
महानंदानं पाय वर घेतले.

जाताना त्यांनी थरातलं अजून एक हाड दाखवलं,
घोट्याचं, दोन्हीकडून रहाटासारखं खोबणीचं.
ते मात्र मी ओळखलं.
मुलाण्याच्या दुकानात रोज पडतं, बोकडाचं, एवढंसं.
बाई म्हणाल्या, तेच.
काश्मीरच्या खडकांत एक जनावर सापडलंय,
पिसोरीएवढं, घोटा हाच,
आणि कानाचं हाड देवमाशाचं.
समुद्रात गेला तो याच घोट्याच्या कुळातून,
मागचे पाय वाटेत हरवत गेला.
पाणघोडा त्याचा जवळचा भाऊबंद.
म्हणजे, मी विचारलं, बोकडाचाही ?
लांबचा, त्या म्हणाल्या. पण हो.

देवमासा मी पाहिलेला नाही.
समुद्रच पाहिलेला नाही.
पण दुसऱ्या दिवशी एक लंगडी शेळी आली,
तिचा घोटा अंगठ्याखाली घेतला,
आणि थोडा वेळ सोडलाच नाही.
मालकीण म्हणाली, मोडलाय का हो ?
नाही म्हणालो, जुना आहे.

दात पारावरच राहिला. बाईंनी साचा नेला.
संध्याकाळी मी दवाखान्याची वही उघडली,
डॉक्टर गावात नव्हते.
जनावराचा प्रकार : पाणघोडा.
वय : जुळून झिजलेले.
मालकाचे नाव : मांजरा.
उपचार या रकान्यापाशी पेन थांबलं.
बाहेर टँकरचा हॉर्न वाजला,
आमचा नंबर सोळावा होता,
मी वही तशीच उघडी ठेवून घागर उचलली.